घाटातल्या बाईला काय हवं होतं

इशेनकुल माझा विद्यार्थी होता, पण माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा. मी तेवीसची, तो चाळीसचा. वर्गात मी त्याला थोरल्या भावासारखं 'बायके' म्हणायची, तो मला 'मुगालीम', म्हणजे बाई म्हणायचा, आणि आम्ही दोघंही एकमेकांशी बोलताना जरा अवघडून जायचो.

हे नारिन या आमच्या डोंगरातल्या गावचं, १९७८ सालचं. त्या वर्षी ट्रक डेपोत हुकूम निघाला की लांब पल्ल्याच्या गाड्यांवर राहायचं असेल तर दहावी पास व्हा. मग काय, पंधरा-वीस वर्षं घाट चढलेले-उतरलेले बाप्ये संध्याकाळच्या शाळेत येऊन पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायला लागले. त्यांच्यासोबत टेलिफोन एक्स्चेंजमधल्या दोन मुली आणि बेकरीतला एक म्हातारा. गणिताच्या सरांचं त्यांच्याशी बरं जमायचं. माझा विषय साहित्य. पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकलं की हे लोक गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या सांगतात, फक्त गोष्टीबद्दल कसं बोलायचं ते त्यांना माहीत नाही. आणि परीक्षेत तर तेच विचारतात.

इशेनकुल खिडकीजवळ शेवटच्या बाकावर बसायचा. वर्गात यायच्या आधी हात वाळू आणि साबणाने इतके घासायचा की बोटांची टोकं लाल झालेली असायची. वहीच्या एका पानावर एकच शब्द लिहायचा, खाली त्याचा अर्थ, आणि बाकीचं पान कोरं. बोलायचा जवळजवळ नाहीच. डेपोत म्हणे त्याचा हात इंजिनाला लागला की इंजिन शहाणं होतं. घाटात कुणीही हात दाखवला की हा गाडी थांबवतो, मग भलेही केबिनमध्ये आधीच तिघं कोंबलेले असोत, यावरून त्याची थट्टाही व्हायची.

त्या ऑक्टोबरात मी त्यांना कथेची अंगं शिकवत होते. पार्श्वभूमी, पात्र, निवेदक, संघर्ष, कळस, उकल. फळ्यावर शब्द लिहून झाले की मागून मुकाशचा आवाज यायचाच.

"मुगालीम, हे आम्हाला कशाला? इंजिनात निवेदक कुठे बसवतात ते दाखवा, लगेच पाठ करतो."

"मुकाश, गप बस रे," एक्स्चेंजमधली सोनुन म्हणाली. "तुझ्या डोक्यात आधी प्लग बसवायला लागतील."

मी फळ्यावर एक रेघ काढली. हळूहळू वर चढणारी, टोकाला जाऊन पलीकडे उतरणारी. म्हटलं, गोष्ट ही अशी चालते. इथे गाठ बसते, मग ताण वाढत जातो, हा कळस, आणि इथून पुढे गाठ सुटत जाते, ती उकल.

"अहो, हा तर किझिल-बेलचा घाट!" मुकाश ओरडला. सगळा वर्ग हसला. खरंच, मी न ठरवता त्यांचाच घाट काढला होता. अलीकडची लांब चढण, माथ्यावरची सपाटी, पलीकडचा तीव्र उतार.

"उतारावरच ब्रेक जातात," म्हातारा बेकरीवाला म्हणाला.

किझिल-बेलचं नाव निघालं की आमच्याकडे पांढऱ्या रुमालाच्या बाईची गोष्ट निघतेच. मी स्वतः ती धाकट्या भावंडांना घाबरवायला सांगितलेली. मला वाटलं, हीच संधी आहे. म्हटलं, "सांगा, मुकाश बायके, तीच गोष्ट सांगा. आज तिच्यावरच शिकू."

मुकाश उभा राहिला. त्याला सांगायला आवडायचं.

"फेब्रुवारीचा महिना. दुपारचे तीन-चार. बर्फ असा की आपल्याच गाडीचं नाक दिसत नाही. ड्रायव्हर एकटा. घाटापलीकडच्या रिबाचीहून कोळसा भरून इकडे निघालाय. माथ्याखालच्या वळणावर येतो, तर बाई उभी. डोक्याला पांढरा रुमाल, हात वर. ड्रायव्हर बघतो, तर बाईला पायच नाहीत! जो थांबतो, त्याची गाडी पुन्हा सुरू होत नाही. आणि जो थांबत नाही, त्याला ती पुढची तीन वळणं आरशात दिसत राहते."

बाहेर वारा होता. सोनुनने शाल घट्ट ओढून घेतली.

मी एकेक शब्द घेऊन विचारत गेले. स्थळ? किझिल-बेल. पात्रं? ड्रायव्हर आणि बाई. संघर्ष? थांबावं की थांबू नये. वर्ग रंगला होता. मला शिक्षिका होऊन दुसरंच वर्ष. असा वर्ग मी कधी पाहिला नव्हता.

"आता निवेदक. ही गोष्ट आपल्याला कोण सांगतंय?"

"मी," मुकाश म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितली?"

"फोरमनने. फोरमनला कुणीतरी. असं मागे मागे."

"पण मागे कुठेतरी पहिला माणूस असणारच ना? ज्याने पाहिलं तो. निवेदकाबद्दल नेहमी दोन प्रश्न विचारायचे. त्याला हे कसं कळलं? आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?"

तेव्हा सोनुनने हात वर केला. "मुगालीम, ही गोष्ट पूर्वीची नाही. मी एक्स्चेंजमध्ये लागले त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा ऐकली. त्र्याहत्तरचा फेब्रुवारी."

"छान. म्हणजे कथेचा काळही मिळाला."

"हो, पण..." ती थांबली. "मेंढवाड्यावरची उमसुन त्याच हिवाळ्यात हरवली होती. ती दरीत सापडली मे महिन्यात. लोक म्हणतात तिचंच भूत. पण भूत दिसलं फेब्रुवारीत. आणि तेव्हा तर ती जिवंत..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. आज मला वाटतं, मी तिथेच थांबायला हवं होतं, खडू खाली ठेवायला हवा होता. पण माझ्या डोक्यात धडा होता, आणि धड्यातला शेवटचा मुद्दा राहिला होता.

"आता शेवटचं," मी म्हटलं. "पात्राला काहीतरी हवं असतं. त्याला काय हवंय ते कळलं तरच पात्र उभं राहतं, नाहीतर तो नुसता पुतळा. तर या बाईला काय हवंय?"

"जीव हवाय ड्रायव्हरचा."

"नवरा हवाय. मुकाशला पाठवा."

थोडा हशा पिकला. मग शेवटच्या बाकावर लाकूड करकरलं. इशेनकुल उभा होता.

"तिला गाडीत बसायचं होतं," तो म्हणाला. "तेवढंच."

मी फळ्याकडून त्याच्याकडे वळले.

"पाय नव्हते असं नाही. बर्फ गुडघ्याच्या वर होता. आणि रुमाल पांढरा नव्हता. हिरवा होता. वर बर्फ साचला होता."

त्याने वही मिटली, टोपी घेतली आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेला. मुकाश एकटाच हसायला लागला होता. त्याचं ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

त्यानंतर दोन आठवडे इशेनकुल शाळेत आला नाही. डेपोत विचारलं तर गाडी घेऊन जातोय-येतोय म्हणाले. शेवटी मी त्याच्या घरी गेले. गुरुवार होता. त्याची बायको बातमा चुलीपाशी लहान लहान भाकऱ्या तेलात तळत होती. आमच्याकडे गुरुवारी गेलेल्या माणसांसाठी तळतात, तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणून. मी मोजल्या नाहीत, पण सात असणार, सातच असतात.

"कुणासाठी, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं मी सहज विचारलं.

"मला काय ठाऊक!" ती झाऱ्याने भाकरी उलटत म्हणाली. "माझे आईबाप ठणठणीत आहेत. याचे तळासला आहेत, तेही ठणठणीत. पाच वर्षं झाली, दर गुरुवारी सात भाकऱ्या. विचारलं की म्हणतो, वास जायचा तिथे जाईल, तू तळ."

मग तिने आवाज खाली आणला. "मुगालीम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला सांगते. याची कुणीतरी होती. बाईला कळतं. झोपेत बोलतो. 'बसा, बसा, आत या, थंडी आहे.' आता सांगा, आपल्या नादी लागलेल्या बाईला कुणी अहोजाहो करतं का? मला तर कधी नाही केलं."

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

इशेनकुल अंगणात ट्रकखाली होता. मला बघून बाहेर आला, हात पुसले, आणि घरात नको म्हणून केबिनचं दार उघडलं. आत ग्रीस आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बोलत होता, जणू गाडी चालू आहे.

"कोळसा भरलेला होता, मुगालीम. मागे चार टन. चढण, खाली बर्फाची काच. तिथे थांबलं की गाडी मागे घसरते, सरळ दरीत. हे खोटं नाही. कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. ती रस्त्याच्या कडेने चालत होती, माझ्याकडे पाठ. आवाज ऐकून वळली, हात केला. मी तिला हाताने खूण केली, वर, वर थांबतो. माथ्यावर सपाटी आहे ना, तिथे थांबतात सगळे. तिने मान हलवली. तिला कळलं होतं."

"मग?"

"माथ्यावर आलो. गाडी हळू केली. आरशात बघितलं. पांढरं, नुसतं पांढरं. वारा असा की गाडी हलत होती. मनात म्हटलं, दहा मिनिटं थांबू. मग म्हटलं, पुढचा उतार बुजला तर मीच इथे अडकेन. म्हटलं, मागून दुसरी गाडी येईलच. कितीतरी गोष्टी म्हटल्या मनात. हे सगळं एक मिनिटभर असेल. आणि पाय क्लचवरून उचलला."

मागून दुसरी गाडी आली नव्हती. त्या दिवशी रस्ता बंद केला होता.

"खाली खानावळीत आलो. हातातून शोरप्याच्या रश्श्याचा वाडगा सांडला. सगळे विचारायला लागले, काय झालं रे, काय पाहिलंस? मी म्हटलं, बाई दिसली. पुढचं वाक्य होतं, 'मी थांबलो नाही.' ते तोंडातून निघेना. मी शपथ घेऊन सांगतो, मला तेच म्हणायचं होतं. त्याऐवजी निघालं, 'पाय नव्हते तिला.'"

त्याने बाहीने समोरची काच पुसली.

"एक वाक्य. त्या वाक्याने मी सुटलो आणि ती भूत झाली. त्याच वेळी बोललो असतो तर लोक फावडी घेऊन गेले असते. दिवस होता अजून. नंतर ती गोष्ट माझ्याही आधी सगळीकडे पोचायला लागली. रिबाचीत, कोचकोरमध्ये. मी जेवायला बसायचो आणि कुणीतरी मलाच सांगायचं. आरशाचं मी म्हटलं नव्हतं, ते दुसऱ्या कुणीतरी घातलं. पण खरं निघालं. आरशात दिसते मला ती."

तेवीस वर्षांच्या मास्तरणीला जे येतं तेच मी केलं; गृहपाठ दिला. म्हटलं, "बायके, आतापर्यंत ही गोष्ट फक्त ड्रायव्हरने सांगितली आहे. तुम्ही एकदा तिच्या बाजूने लिहून बघा. निवेदक ती."

आता आठवलं की मला माझीच लाज वाटते. पण त्याने ते मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात तो शाळेत आला. कुणी त्याच्याशी बोललं नाही, त्यानेही कुणाकडे पाहिलं नाही. तास संपल्यावर वही माझ्यापुढे ठेवली. 'निवेदक' शब्दाच्या पानावर, अर्थाच्या खाली, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

'मी चालत होते. थंडी होती. मागून गाडीचा आवाज आला. मी वळले. मला बरं वाटलं.'

पुढे काही नाही.

"इथे अडतं," तो म्हणाला. "सात-आठ वेळा लिहिलं. 'मला बरं वाटलं' याच्या पुढे जाता येत नाही. तुम्ही म्हणालात ना, तिला काय हवं होतं ते कळलं पाहिजे. गाडीत बसायचं होतं, ते झालं. पण जायचं कुठे होतं? एवढ्या बर्फात बाई घराबाहेर का पडली? मला तिचं काहीच माहीत नाही, मुगालीम. पाच वर्षं ती माझ्या गाडीत बसलेली आहे आणि मला तिचं काही माहीत नाही."

उमसुनची आई, तोक्तोबुबू आपा, घाटाच्या अलीकडे आमच्या बाजूच्या मेंढवाड्यावर राहायची. तिला भेटायचं असं त्याने ठरवलं, पण हिवाळाभर त्याचे पाय तिकडे वळले नाहीत. दोनदा रस्त्यापासून परत आला. मार्चमधल्या एका रविवारी त्याने मला विचारलं, "तुम्ही याल का? तुमच्यासमोर मला शब्द फिरवता येणार नाहीत."

आम्ही ट्रकने गेलो. मुख्य रस्त्यापासून मेंढवाडा अर्धा कोस आत. घर दिसायला लागलं तशी त्याची पावलं मंदावली. आमचा रिवाज असा की मयताच्या घरी जाताना पुरुषाने लांबूनच हंबरडा फोडायचा, माझं काळीज गेलं म्हणून. तो थांबला, छातीत श्वास भरला. आवाज फुटला नाही. कुणाचं काळीज म्हणून रडायचं त्याने? टोपी हातात धरून तो तसाच चालत राहिला.

म्हातारी लोकर पिंजत होती. कोण, कुठले, काही न विचारता तिने चहा ओतला, वर मीठ आणि साय घातली, आणि नान मोडून पुढे ठेवला.

"खा, पोरा."

"आधी बोलतो, आपा. मग द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

त्याने सांगितलं. मला केबिनमध्ये सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने. माथ्यावरचं एक मिनिटही सांगितलं. खानावळीतलं वाक्यही. म्हातारीचे हात लोकरीत चालत राहिले, फक्त आता ती पिंजलेलीच लोकर पुन्हा पिंजत होती.

"म्हणजे तूच तो," ती शेवटी म्हणाली. "इथे पोरं येतात मेंढ्या न्यायला. मला म्हणतात, आपा, तुमची उमसुन घाटात उभी असते, गाड्या अडवते. मौलवी आणा, काहीतरी करा. माझी पोर कुणाची वाट अडवणारी नव्हती. तिला भूत करणारा तू."

"हो, आपा."

"हो म्हणतोय!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "बघ ग, कसा हो म्हणतोय."

मग तिने लोकर बाजूला सारली आणि त्याच्या अगदी समोर येऊन बसली.

"तोंड कुणीकडे होतं तिचं?"

"माझ्याकडे. वळली ना."

"त्याच्या आधी! चालत होती तेव्हा. वर का खाली?"

"वर. माझ्याकडे पाठ होती. माथ्याकडे चालली होती."

"माथ्याच्या पलीकडच्या अंगाला, आणि वर चालली होती? नीट आठव. माझ्यासाठी म्हणून बोलू नको."

"आपा, ते मला रोज दिसतं. वर चालली होती. इकडे येणाऱ्या गाडीलाच हात केला तिने."

म्हातारीने डोळे मिटले. मग सांगितलं, त्याला नव्हे, मला. उमसुन नवऱ्याशी भांडून माहेरी आली होती. नवरा कोचकोरच्या बाजूचा, घाटापलीकडचा. आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी आईने तिची बोचकी दारात ठेवली. म्हटलं, बाईचं घर नवऱ्याचं, लोक काय म्हणतील, जा. सकाळी मेंढपाळाच्या घोड्यावरून माथ्यापर्यंत सोडलं, पुढे उतारावर गाडी मिळेल म्हणून. मे महिन्यात ती पलीकडच्या दरीत सापडली तेव्हा सगळे म्हणाले, बिचारी नवऱ्याकडे जाताना गेली. आईची आज्ञा पाळताना गेली. बाया येऊन तिची तारीफ करून गेल्या.

"पाच वर्षं मी हेच धरून बसले," म्हातारी म्हणाली. "मी पाठवली आणि ती गेली. माझ्या शब्दाखातर गेली."

आणि मग ती हसली. मी तसं हसू पुन्हा ऐकलं नाही. तिने गुडघ्यावर थाप मारली.

"ऐकलंच नाही तिनं माझं! परत फिरली होती! लहानपणापासून एक गोष्ट ऐकली असेल तर शपथ. घरी येत होती कार्टी!"

हसता हसता तिचा आवाज फाटला आणि ती रुमालाचं टोक तोंडाशी धरून पुढे-मागे झुलत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. इशेनकुलला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की ते न मिळतं तर बरं होतं.

म्हातारी शांत झाली. डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तू माथ्यावर थांबला असतास, तर तिला वर पोचायला किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "चहा पिऊन होतो तेवढ्यात."

तिने नानचा तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. "खा. माझ्या घरून कुणी उपाशी जात नाही. पण पुन्हा या दारात येऊ नकोस."

त्याने तो तुकडा उभ्यानेच खाल्ला. शेवटचा कण खाईपर्यंत ती बघत होती.

त्याच आठवड्यात त्याने डेपोच्या खानावळीत सगळ्यांसमोर सांगितलं. मी तिथे नव्हते, सोनुनने सांगितलं ते असं की मुकाश आपला वाडगा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. बाकीच्यांनी इशेनकुलच्या खांद्यावर हात ठेवले. म्हणाले, सोड रे, आम्हीही नसतो थांबलो. मुकाशचं वागणं त्याला सोसलं, हे सोसलं नाही. "एकाने तरी म्हणायला हवं होतं की मी थांबलो असतो," तो मला म्हणाला.

जूनमध्ये परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत त्याला चिठ्ठी आली ती 'निवेदक आणि पात्र' अशीच. पाहुण्या परीक्षकाने उदाहरण विचारलं. त्याने पाठ्यपुस्तकातलं दिलं, चार वाक्यांत, आणि पाचपैकी चार गुण मिळवून बाहेर आला.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर ती भुताची गोष्ट आपोआप विरून जाईल. तसं काही झालं नाही. दोन वर्षांत ती नव्या रूपात परत आली. आता बाई वर चढत असते, आणि ड्रायव्हरला विचारते, माझी आई जागी आहे का? हे कुणी घातलं देव जाणे. गोष्टीला मालक नसतो हे मी तोवर फक्त फळ्यावर लिहीत आले होते.

घरी त्याने बातमाला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग चिडली. मी समजत होते की लपवल्याबद्दल चिडली असेल. तर ती म्हणाली, "पाच वर्षं मी त्या पोरीला शिव्या घालत भाकऱ्या तळल्या! कशा पोचल्या असतील तिला?" आणि पुढच्या शरद ऋतूत ती स्वतः मेंढवाड्यावर गेली. दारात येऊ नको असं म्हातारीने नवऱ्याला सांगितलं होतं, तिला नव्हे. पहिल्या वेळी म्हातारीने चहा दिला नाही. दुसऱ्या वेळी दिला. मग दर महिन्याला दोघी बसायच्या, लोकर पिंजायच्या, उमसुन लहानपणी किती हट्टी होती ते म्हातारी सांगायची. तेवढा वेळ इशेनकुल मुख्य रस्त्यावर गाडी उभी करून केबिनमध्ये बसायचा. चार वर्षं असं चाललं. म्हातारी वारली तेव्हा मेंढवाड्यावर कुणीच नातेवाईक वेळेत पोचले नाहीत, तिला आंघोळ घालणाऱ्या बायांत बातमा होती.

एक्क्याण्णव साली त्याने गाडी सोडली. निरोपाच्या जेवणाला मी गेले होते. तोपर्यंत त्याचे केस पार पांढरे झाले होते. गर्दी पांगल्यावर मी धीर करून विचारलं, "बायके, अजून दिसते का?"

"दिसते की," तो म्हणाला. "पण आता वळत नाही. पाठमोरी असते. मी हॉर्न देतो, ती आपली चालत राहते."

"मग बरं आहे ना?"

"काय माहीत," तो म्हणाला. "पूर्वी निदान चेहरा तरी दिसायचा."

नंतर ती दोघं तळासला त्याच्या गावी राहायला गेली. सात वर्षांनी बातमाचं पत्र आलं. इशेनकुल एप्रिलमध्ये गेला, झोपेत, फार त्रास झाला नाही. मातीला नारिनहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. खानावळीत त्याच्या टेबलावरून उठून गेलेला मुकाशही आला होता. तिने त्याला तीनदा आत बोलावलं, पण जेवण होईपर्यंत तो बाहेर पावसातच उभा राहिला, आणि कुणाशी न बोलता निघून गेला.